ताणाच्या ओझ्याखाली दबलेली स्मृती

मृग नक्षत्राच्या तोंडावर परभणी जिल्ह्यातील कोणत्याही बँकेच्या शाखेत सकाळी थोडा वेळ थांबले, तर एक दृश्य हमखास पाहायला मिळते. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेला शेतकरी पिशवी उपसत असतो. सातबारा आहे, आठ-अ आहे, आधार कार्डही आहे. पासबुक मात्र घरीच राहिलेले असते. ते आणायला निघावे, तर आज तलाठ्यालाही भेटायचे होते, हे बसमधून उतरल्यावर आठवते. घरची माणसे म्हणतात, ‘यांच्या हल्ली ध्यानातच राहत नाही’. तो स्वतः म्हणतो, ‘वय झालं’. वय पाहावे तर जेमतेम चाळिशीचे असते.

या विसरण्याला निष्काळजीपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मेंदूविज्ञानाचे म्हणणे निराळे आहे. दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या माणसाच्या मेंदूत, विशेषतः स्मृतीशी संबंधित भागांत, रासायनिक आणि रचनात्मक बदल घडतात, हे गेल्या अर्धशतकाहून अधिक काळच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. यांतील बरेच बदल कायमचे नसतात, ही त्याच संशोधनातील दिलासा देणारी बाब. पावसावर अवलंबून असलेली कापूस-सोयाबीनची शेती, तिच्यावरील कर्ज आणि लागोपाठची अवर्षणे व अतिवृष्टी यांच्यात सापडलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यात हा विषय केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा उरत नाही.

‘ताण’ हा शब्द शरीराच्या संदर्भात रूढ करण्याचे श्रेय हान्स सेली या शास्त्रज्ञाकडे जाते. थंडी, जखम, विष, अतिश्रम अशी कारणे कितीही वेगळी असली तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो, हे त्यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात मांडले. हा साचा पुढे उलगडत गेला. धोका जाणवताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पीयूष ग्रंथीला संदेश देतो. पीयूष ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे करते आणि त्या ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. त्याआधीच अ‍ॅड्रेनलिनने हृदयाचे ठोके वाढवलेले असतात. रक्तातील साखर वाढते, स्नायू सज्ज होतात, पचन मागे पडते. वाटेत साप आडवा आला तर माणसाला वाचवणारी हीच यंत्रणा आहे.

कॉर्टिसॉल हे काही शत्रू नव्हे. निरोगी माणसातही ते रोज पहाटे वाढते, जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी होते. सापासाठी तयार झालेली ही यंत्रणा सावकाराच्या हप्त्यासाठी महिनोन्महिने चालू राहते, तेव्हा घोटाळा सुरू होतो. साप निघून जातो. हप्ता जात नाही.

एक भूकंप, दोन प्रकारच्या आठवणी

ताणाने स्मृती बिघडते, हे विधान तेवढेच केले तर ते अर्धसत्य ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि त्याचे हादरे मराठवाडाभर जाणवले. त्या वेळी जाणत्या वयाच्या माणसाला आज विचारावे. आपण कुठे झोपलो होतो, कोणी हाक मारली, बाहेर अंगणात कोण कोण गोळा झाले, हे तो बारकाव्यांसह सांगतो. त्याच महिन्यातील दुसऱ्या कोणत्याही रात्रीचे त्याला काही आठवत नाही. मोठ्या भीतीच्या क्षणी बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा मेंदूतील भाग उत्तेजित होतो. त्याच्या सांगण्यावरून शेजारचा हिप्पोकॅम्पस त्या घटनेची नोंद अधिक ठळकपणे करतो. थोडक्या वेळाचा ताण स्मृती अशी पक्की करतो. अर्थात ठळक आठवण अचूक असतेच असे नाही. तीस वर्षे सांगितलेल्या गोष्टीत तपशील मिसळत जातात. तरीही ती टिकते खरी.

समुद्रघोड्यासारख्या आकारामुळे त्याच अर्थाचे ग्रीक नाव मिळालेला हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणींचा जणू नोंदणी कारकून. त्याचे महत्त्व एका दुर्दैवी घटनेतून समजले. अमेरिकेत १९५३ साली अपस्माराच्या एका तरुण रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग शस्त्रक्रियेत काढण्यात आला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवत होते. परंतु त्यानंतरची नवी ओळख, नवा पत्ता, काही मिनिटांपूर्वीचे संभाषण यांतील काहीच त्याच्या मनात टिकले नाही. ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कसब मात्र तो दिवसागणिक शिकत गेला. आदल्या दिवशी आपण ते केले होते, याची त्याला मुळीच आठवण नसे. हातांची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी वसते, हे त्यातून दिसले.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मॅक्‌युएन यांना १९६८ साली उंदरांच्या याच हिप्पोकॅम्पसमध्ये ताणाच्या संप्रेरकाला पकडून ठेवणारी ग्राहके आढळली. ताणाचे संप्रेरक रक्तातून थेट स्मृतीच्या दारात पोहोचते, असा त्याचा अर्थ होता. पुढील संशोधनात दीर्घ ताणाखालील प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखूड होतात, पेशींमधील जोडण्या घटतात आणि तेथे नव्या पेशी तयार होण्याचे प्रमाणही मंदावते, असे दिसून आले.

या विषयात भारतीय प्रयोगशाळांनी घातलेली भर आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हालचाल करता येणार नाही अशा स्थितीत ठेवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या खुरटलेल्या आढळल्या. अमिग्डालातील पेशींच्या फांद्या मात्र उलट वाढलेल्या होत्या. आठवणीचे झाड वठत होते आणि भीतीचे झाड फोफावत होते. दोन वर्षांनंतरच्या पुढील अभ्यासात या उंदरांना २१ दिवस विश्रांती दिल्यावर अमिग्डालातील वाढ आणि उंदरांचा भित्रेपणा कायमच असल्याचे दिसले. हिप्पोकॅम्पसमधील खुरटलेपण मात्र ताण सरल्यावर भरून येते. संकट टळल्यानंतरही माणूस दचकत का राहतो, पाऊस चांगला झालेल्या वर्षीही त्याला रात्री झोप का लागत नाही, याचा काहीसा उलगडा येथे होतो. उंदरावरून माणसाचे अनुमान जपूनच काढावे लागते, हे खरे. पण माणसांच्या मेंदूच्या प्रतिमांतूनही दिशा तीच दिसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट भावना, ताण आणि सेरोटोनिन यांच्या परस्परसंबंधांवर काम करत आला आहे. वैद्य यांना २०१५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

पाटीवर जागाच उरत नाही

बँकेत पासबुक विसरणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत हिप्पोकॅम्पसइतकाच कपाळामागचा मेंदूचा भाग महत्त्वाचा आहे. आता काय करायचे, त्यानंतर काय, कोणते काम मध्येच सोडून कोणते उचलायचे, हे सारे हा भाग एका छोट्या पाटीवर मांडून ठेवतो. मानसशास्त्रात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. पाटी मुळातच लहान असते. तिच्यावर ‘पाऊस लांबला’, ‘दुबार पेरणीला पैसे कुठून’, ‘मुलीचे लग्न’ हे शब्द आधीच लिहिलेले असतील, तर ‘पासबुक’ लिहायला जागा राहत नाही.

ही केवळ उपमा नव्हे. तामिळनाडूतील ५४ गावांमधील ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जिआयिंग झाओ हे त्याचे संशोधक. उसाचा पैसा वर्षातून एकदाच हाती येत असल्याने तोच शेतकरी तोडणीपूर्वी अडचणीत आणि तोडणीनंतर मोकळा असतो. संशोधकांनी त्याच माणसांची आकलन आणि एकाग्रतेची चाचणी दोन्ही वेळा घेतली. तोडणीपूर्वीचे गुण लक्षणीय कमी आले. गरीब आणि श्रीमंत अशी दोन माणसे येथे तोललेली नाहीत. एकाच माणसाचे दोन महिने तोलले आहेत. गंगाखेड, पाथरी भागातील ऊस उत्पादकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या अभ्यासाचा एक बारकावा सहसा गाळला जातो. तोडणीपूर्वी शेतकऱ्यांच्या हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढलेले आढळले होते. परंतु गुणांतील सगळी घट केवळ या शारीरिक ताणाने स्पष्ट होत नाही, चिंतेने लक्ष व्यापले जाणे हे तिचे मुख्य कारण आहे, असे संशोधकांचे मत होते. निष्कर्षांच्या गणिती विश्लेषणावर पुढे आक्षेपही घेतले गेले. तेव्हा दारिद्र्याने बुद्धी किती टक्के घटते, असे आकडे फेकण्यापेक्षा मूळ निरीक्षण लक्षात ठेवावे.

त्यात भर पडते ती झोपेची. दिवसभरात टिपलेल्या गोष्टी मेंदू झोपेत, विशेषतः गाढ झोपेत, पक्क्या करतो. कृषिपंपांना वीज पाळीने मिळते आणि रात्रीची पाळी असेल तेव्हा बॅटरी घेऊन बारे द्यायला जाणे हा मराठवाड्यातील रब्बी हंगामाचा नित्यक्रम राहिला आहे. थंडी, विंचू-काटा आणि अपुरी झोप हे सारे एकाच रात्रीत येते. दिवसा मोबाइलवर आलेला आकडा चार वेळा पाहूनही भरता येत नाही, तेव्हा त्याचे मूळ या रात्रीत असू शकते. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी सहसा उत्पादनाच्या हिशेबाने मांडली जाते. तिला मेंदूच्या आरोग्याचीही बाजू आहे.

घरातील स्त्रीच्या ताणाची मोजदाद तर याहूनही कमी होते. कर्ज नवऱ्याच्या नावावर असते, पण किराण्याची उधारी, मुलांची फी आणि नवऱ्याच्या गप्प राहण्याकडे लक्ष ठेवणे या तिन्ही गोष्टी तिच्या पाटीवर असतात. गॅसवर दूध ठेवून विसरली की तिला मात्र ‘वेंधळी’ ठरवले जाते.

पेपर हातात आला आणि…

ताणाचा दुसरा मोठा बळी म्हणजे विद्यार्थी. जिंतूर, पालम, सोनपेठ तालुक्यांतील खेड्यांतून मुले परभणी, नांदेड किंवा लातूरला खोली करून राहतात. बऱ्याचदा त्यांच्या शिकवणीची फी शेतीच्या पैशातूनच आलेली असते. पाठ केलेले उत्तर परीक्षागृहात आठवत नाही आणि बाहेर पडून चहाच्या टपरीपाशी पोहोचताच अक्षरशः डोळ्यांसमोर येते, हा अनुभव त्यांपैकी अनेकांनी घेतलेला असतो.

स्वित्झर्लंडमधील डॉमिनिक द केर्वां व सहकाऱ्यांनी २००० साली या कोड्याचा छडा लावणारा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी स्वयंसेवकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी ती विचारली. विचारण्यापूर्वी तासभर आधी ज्यांना कॉर्टिसोनची गोळी दिली होती, त्यांना शब्द कमी आठवले. हीच गोळी पाठांतराच्या वेळी दिली असता असा परिणाम दिसला नाही. म्हणजे साठवण बिघडलेली नसते, कोठाराचे दार तेवढ्यापुरते अडकते. ‘अभ्यासच केला नसेल’ हा पालकांचा निवाडा अशा वेळी चुकीचा आणि घातकही ठरतो, कारण पुढच्या पेपरच्या आधी तो ताणात आणखी भर घालतो.

परीक्षेच्या ताणाबद्दलचे दुसरे संशोधन अधिक आशादायक आहे. अमेरिकेत वैद्यकीय परीक्षेची महिनाभर तयारी करून थकलेल्या विद्यार्थ्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवण्याची त्यांची क्षमता मंदावलेली आढळली. परीक्षा उरकून महिनाभर विश्रांती मिळाल्यावर ती पूर्ववत झाली. हा अभ्यास २००९ सालचा आहे. विद्यार्थी अवघे वीस होते, हे विसरून चालणार नाही. तरुण मेंदू लवकर सावरतो, एवढे त्यातून म्हणता येते.

ताणाखाली सगळीच स्मृती सारखी ढासळत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. हजारदा केलेली कृती सवयीच्या स्मृतीत जाते आणि ताणाखाली मेंदू या जुन्या वाटेवरच अधिक विसंबतो. म्हणूनच अर्ज भरताना गोंधळणारा माणूस तिफण धरली की चुकत नाही. संत जनाबाईंच्या गंगाखेडमध्ये काय किंवा जिल्ह्यातील इतर खेड्यांत काय, जात्यावरच्या शेकडो ओव्या मुखोद्गत असणाऱ्या वृद्धा आजही भेटतात. आज सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. ओवी वर्षानुवर्षे हाताच्या लयीबरोबर घोटलेली असते. गोळीची आठवण रोज नव्याने नोंदवावी लागते.

प्रत्येक विसर ताणाचाच नव्हे

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विस्मरणाला ताणाचे लेबल लावून मोकळे होणे धोक्याचे ठरू शकते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, अनियंत्रित मधुमेह, दारू, काही औषधे आणि उतारवयातील स्मृतिभ्रंश ही सारी कारणे तपासावी लागतात. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि तिचा उपचार सोपा आहे. कापसाच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, तो फवारणीचा. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके चेतासंस्थेवरच काम करतात आणि त्यांच्याशी दीर्घकाळ संपर्क आल्यास एकाग्रता व स्मृतीवर परिणाम होऊ शकतो.

ढोबळ फरक सांगायचा तर, ताण किंवा नैराश्यात सापडलेला माणूस स्वतःच विसरण्याची तक्रार करतो. आठवण करून दिली, की ‘हो हो’ म्हणतो. स्मृतिभ्रंशात तक्रार बहुधा घरच्यांची असते. रुग्णाला आपण विसरतो हेच उमगत नाही, ओळखीच्या रस्त्यावर तो चुकतो, पैशांचा हिशेब जमेनासा होतो. मन एकाग्र न होणे हे नैराश्याच्या मान्य लक्षणांपैकी एक आहे. आपल्या भागात उदास वाटते असे कोणी चटकन बोलून दाखवत नाही. ‘डोकं चालत नाही’, ‘ध्यानात राहत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ असेच सांगितले जाते. डॉक्टर आणि आशा कार्यकर्तींनी ही भाषा ओळखण्यावर बरेच काही अवलंबून असते.

राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. परभणीचा त्यात समावेश होता. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन ताणग्रस्त व्यक्ती ओळखाव्यात आणि त्यांना जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवावे, अशी त्याची आखणी होती; सोबत १०४ हा दूरध्वनी क्रमांकही देण्यात आला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत होऊन २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे या कायद्याने गृहीत धरले आणि शिक्षेऐवजी उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली. ताणाने विवेक आणि निर्णयशक्ती झाकोळते, याला कायद्याच्या भाषेत मिळालेली ही मान्यताच म्हणावी लागेल.

कार्यालयीन व्यवहारांत मात्र ही जाणीव अजून उतरलेली नाही. पंतप्रधान पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांत कळवण्याची अट अनेक वर्षे होती. राज्यात २०२५ च्या खरिपापासून योजनेचे स्वरूप बदलले, पण सप्टेंबर २०२४ च्या आरंभी परभणी-हिंगोली भागात उभी पिके पाण्याखाली गेली तेव्हा तीच अट लागू होती. ज्या तीन दिवसांत माणसाची कार्यकारी स्मृती सर्वांत दुबळी असते, नेमक्या त्याच तीन दिवसांत त्याने सर्वांत बिनचूक कागदी काम करावे, अशी ही अपेक्षा. २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, केवायसी, ओटीपी यांच्या मुदतींबाबतही हेच म्हणता येईल. अर्ज छोटा असणे, लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत ठळकपणे लावलेली असणे, चूक दुरुस्त करायला अवधी मिळणे या साध्या सोयींना दयामाया समजण्याचे कारण नाही.

व्यक्तीच्या हाती काय आहे? कर्ज फेडण्याचा उपाय डॉक्टरकडे नसतो, हे आधी मान्य करायला हवे; ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला म्हणूनच निरर्थक आहे. झोपेची वेळ शक्य तितकी सांभाळणे, कामे डोक्यात न ठेवता वहीत लिहिणे, एका पिशवीत सगळे कागद कायम ठेवणे यांनी पाटीवरचा भार कमी होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या वृद्धांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेले आढळले होते. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नसते, पण गावात बसून राहणाऱ्या वृद्धांना आणि खोलीत कोंडून अभ्यास करणाऱ्या मुलांना तो लागू पडतो. पारावरच्या गप्पा, हरिपाठ, भजन यांत माणूस माणसांत राहतो आणि कोणाच्या तरी लक्षात येते, की अमका दोन दिवसांपासून आलेला नाही.

झोप उडणे, भूक मरणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र वही आणि भजन पुरेसे नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांना गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक नि:शुल्क असून तो दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. फोन स्वतः त्या माणसानेच करावा अशी अट नाही. घरच्यांनी किंवा शेजाऱ्याने लावला तरी चालतो.